दोन भोवरे

ओझरच्या बाजारपेठेत 'पल्लवी केशकर्तनालय' नावाचं दुकान होतं. त्या पाटीवरून गोटीराम बिडवेची जितकी चेष्टा झाली, तितकी गावात दुसऱ्या कुणाची झाली नसेल. पुरुषांच्या दाढ्या करायच्या दुकानाला पोरीचं नाव कशाला, असं येणारा जाणारा विचारायचा. गोटीरामचं म्हणणं असं, की देवांच्या नावाची सलूनं गावात तीन आहेत आणि तिथे गिऱ्हाइकांचे कान कापले जातात. एकुलती एक पोरगी झाली त्याच आठवड्यात, म्हणजे ब्याऐंशी साली, त्यानं बापाच्या नावाची जुनी पाटी उतरवून ही नवी रंगवून घेतली होती. बाप तेव्हा हयात होता आणि त्यानं महिनाभर अबोला धरला होता.

माणूस पक्का घरवेडा. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला की हातातली कात्री खाली ठेवून तो जेवायला घरी निघायचा. गावाशेजारच्या विमान कारखान्यातल्या एका साहेबांची अर्धी दाढी झाली असताना एकदा एक वाजला, तर उरलेली अर्धी जेवून आल्यावर करू, असं सांगून तो खरोखर निघून गेला. साहेब गालावरचा फेस सुकेपर्यंत आरशात स्वतःकडे बघत बसले. परत आल्यावर गोटीरामनं वर त्यांनाच सांगितलं, की आज घरी मेथीचं पिठलं होतं आणि ते गरमच खावं लागतं.

जिभेला मात्र हाड नव्हतं. तोंड बंद ठेवून त्यानं कधी कुणाची हजामत केली नाही, आणि त्यातूनच ते भोवऱ्यांचं प्रकरण उपटलं.

डोक्यावर केसांचे दोन भोवरे असले की माणसाला दोन बायका होतात, ही समजूत काही गोटीरामनं काढलेली नव्हती. ती आजीबाईंच्या काळापासून चालत आली होती आणि कुणी ती फारशी मनावरही घेत नव्हतं. पण एक्क्याण्णव साली खंडेराव नावाचा कांद्याचा व्यापारी खुर्चीत बसला असताना गोटीरामनं भरल्या दुकानात त्याच्या टाळूवर कंगवा टेकवून जाहीर केलं, की शेठ, तुम्हाला दोन भोवरे, आता दुसरीची तयारी करा. दुकान हसलं, खंडेरावही हसला. आणि आठ महिन्यांनी तो खरंच सिन्नरहून दुसरी घेऊन आला.

खंडेरावची पहिली बायको चिमणाबाई दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. आता ही आपल्या डोक्यात काहीतरी घालणार, म्हणून गोटीराम खुर्चीमागे सरकला. पण ती शांतपणे एवढंच बोलली, "माझ्या लग्नाआधी बघून सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" आणि निघून गेली.

त्या एका वाक्यानं गोटीरामचं नशीब फिरलं. गावात कुणाची पोरगी द्यायची ठरली, की त्या घरातली एखादी आत्या, मावशी दळण आणायच्या निमित्तानं दुकानावरून जायची आणि हळूच विचारायची, अमक्याच्या पोराला किती? गोटीराम कात्री थांबवायचा, डोळे मिटायचा आणि बोटं वर करायचा. एक बोट वर आलं तर साखरपुडा, दोन आली तर घरात अचानक पत्रिका जुळेनाशी व्हायची. खरं कारण पोराकडच्यांना कुणी सांगत नसे, कारण न्हाव्याच्या बोटावरून सोयरीक मोडली हे सांगायला सगळ्यांनाच लाज वाटायची. गोटीरामच्या ते पथ्यावरच पडत होतं.

कारण खरी गोष्ट अशी होती, की तो भोवरे मोजतच नव्हता. माणूस खुर्चीत बसला, गळ्याभोवती कापड बांधलं, की अर्ध्या तासात त्याचं सगळं बाहेर येतं, ही गोटीरामची विद्या. चहा घेऊन आलेल्या माणसाशी तो कसा बोलतो, आईचा निरोप आला तर तोंड कसं करतो, लोकांच्या बायकांविषयी काय काय बरळतो. यात जो नापास झाला त्याला दोन भोवरे. पास झाला त्याला एक, मग डोक्यावर चार का असेनात. अशा रीतीनं बारा वर्षांत त्यानं गावातली अकरा स्थळं मोडली होती. त्यातल्या आठांबद्दल त्याला काडीचाही पस्तावा नव्हता. उरलेली तीन एकाच पोराची होती, आणि ती त्या पोराच्याच सांगण्यावरून मोडली होती.

पोराचं नाव दिनेश. कुसाबाईचा मुलगा. बाप लहानपणीच गेला, आईनं लोकांच्या द्राक्षबागांत डिपिंग, थिनिंगची, म्हणजे घड औषधात बुडवायची आणि मणी विरळायची कामं करून वाढवला, आयटीआय केला, आणि आता तो कारखान्यात फिटर होता. समाजातलाच, सरळ, पानसुपारीचंही व्यसन नसलेला. दर सुट्टीला चार वाजता दुकानात येऊन पेपर वाचत बसायचा. एकदा गर्दी नसताना तो हळू आवाजात म्हणाला, की माझ्यासाठी पिंपळगावचं स्थळ आलंय, ते लोक तुमच्याकडे चौकशीला येतील, तेवढं दोन सांगा. कारण विचारलं तर पोरगा लाजला. गोटीरामला असल्या कामाचा भारी उल्हास. त्यानं पिंपळगावच्या मावशीला दोन बोटं दाखवली. पुढच्या वर्षी दिंडोरीचं स्थळ आलं, त्यांनाही दोन. मग निफाडचं आलं, तर गोटीरामनं रंगात येऊन दोन बोटं वर केली आणि तिसरं अर्धं वाकवून ठेवलं.

या काळात आणखी एक गोष्ट घडली आणि ती सगळ्या गावाच्या टाळूवर नजर ठेवणाऱ्या या माणसाच्या ध्यानात आली नाही. दुकानातली झाडून सगळी पोरं त्याला गोटीकाका म्हणायची. दिनेश मात्र पिंपळगावच्या स्थळानंतर त्याला मामा म्हणायला लागला. गोटीरामला वाटलं, उपकाराची जाण आहे पोराला. शिवाय चार वाजताच दिनेशला पेपर वाचायची हुक्की का येते, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच वेळी पल्लवी चहाची किटली घेऊन दुकानात का येते, या दोन गोष्टी त्यानं कधी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. पल्लवी नाशिकला डी.एड. करत होती, हुशार होती, आणि बापाला चहा आणून देते याचा त्याला अभिमान होता.

दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात, एक वाजून पाच मिनिटांनी, गोटीरामचा पहिला घास तोंडात असताना वत्सलाबाईनं बातमी दिली. ती त्याची बायको, एकोणतीस वर्षं त्याच्याशी संसार केलेली, बोलायला कमी आणि बघायला जास्त. ती म्हणाली, की कुसाबाईनं तुमच्या दोस्ताकडून, फकिराभावजींकडून निरोप धाडलाय, दिनेशसाठी आपल्या पल्लवीला मागणी घातलीय.

गोटीरामचा घास तोंडातच राहिला. मग पेपर, किटली, चार वाजता आणि मामा असं सगळं एकामागोमाग एक डोक्यात येऊन बसलं.

"तो मला मामा म्हणायचा गं," तो म्हणाला.

"अन् तुम्ही ओ देत होता," वत्सलाबाई भाकरी वाढत म्हणाली. "सासऱ्याला मामाच म्हणत्यात. त्यानं तुम्हाला दोन्हीकडून मामा केलं."

गोटीराम क्षणभर रागावला आणि मग त्याला हसू फुटलं. पोरानं त्याच्याच कात्रीनं त्याची हजामत केली होती आणि कारागिरी बघता दाद द्यावी अशीच होती. जावई म्हणून असला बेरकी पोरगाच हवा, असं तो मनाशी ठरवत असतानाच वत्सलाबाईनं पुढचं वाक्य टाकलं. पोरगा चांगला आहे, घर माहितीतलं आहे, पण जमायचं नाही, कारण त्याला दोन भोवरे आहेत. पुढं सवत येणार हे ठाऊक असून एकुलती एक पोरगी कोण देईल?

गोटीराम घाईघाईनं म्हणाला, की बघण्यात चूक झाली असेल. वत्सलाबाईनं सांगितलं, की बारा वर्षांत तुमची एकदाही चूक झालेली नाही, आणि पिंपळगाव, दिंडोरी, निफाडच्या तिघींना सांगितलंत ते काय तीनदा चुकलात होय. स्वयंपाकघराच्या दारात पल्लवी उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, जे खरं असंल ते तुम्हीच सांगा." रोज ती त्याच्या ताटात शेवटी गुळाचा खडा ठेवायची. त्या दिवशी ठेवला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढचे चार दिवस गोटीरामला मार्ग सुचत नव्हता. खरं सांगावं तर बारा वर्षांची सगळी बोटं खोटी ठरत होती. ज्या आया-मावश्यांनी विश्वासानं विचारलं त्यांना तोंड कसं दाखवायचं, आणि ज्या आठ नगांची लग्नं अडली होती ते दुकानासमोर काठ्या घेऊन उभे राहिले असते. न सांगावं तर पोरीच्या मनातलं स्थळ हातचं जात होतं. घरात पल्लवी जेवत नव्हती, आणि पल्लवी जेवत नाही म्हटल्यावर गोटीरामला एकची सुट्टीही नकोशी झाली होती. दिनेश दुकानात येऊन मामा म्हणाला, तर गोटीरामनं त्याला सांगितलं, की पुन्हा मामा म्हणालास तर डावा कान माझ्या हातात राहील.

शेवटी त्याला युक्ती सुचली आणि ती सुचताच त्याचा जुना रंग परत आला. वत्सलाबाईला त्यानं गंभीर चेहरा करून समजावलं, की भोवरा ही काही कायमची गोष्ट नाही. कारखान्यात डोक्यावर टोपी घालून काम करणाऱ्यांचा दुसरा भोवरा घामानं हळूहळू मिटतो. त्यानं स्वतः असे कितीतरी मिटलेले पाहिले आहेत. कदाचित दिनेशचाही मिटला असेल.

वत्सलाबाईनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, की मग असं करू, सोमवारी दुकान बंद असतं. कुसाबाईला बोलवू, फकिराभावजींना बोलवू, सगळ्यांसमोर मोजा. एक निघाला तर लग्न, दोन निघाले तर विषय संपला.

फकिरा म्हणजे स्टँडजवळचा सलूनवाला. न्हाव्याचे केस न्हावीच कापणार, त्या नियमानं गेली पंचवीस वर्षं दर महिन्याला फकिरा गोटीरामचे केस कापायचा आणि गोटीराम फकिराचे. दोघंही एकमेकांना सांगायचे, की हात बिघडलाय तुझा.

सोमवारी अर्धं शटर वर करून सगळे दुकानात जमले. दिनेशला खुर्चीत बसवलं. फकिरानं चष्मा लावून, बोटांनी केस फाकवून डोकं तपासलं आणि एकच भोवरा आहे असं जाहीर केलं. त्यावर गोटीरामनं घाम, टोपी आणि मिटणारे भोवरे यांवर असं काही भाषण केलं, की फकिरासुद्धा मान डोलावू लागला. वत्सलाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरं, मग माझी हरकत नाही. पल्लवीनं आरशातून दिनेशकडे पाहिलं. गोटीराम सुटला. बारा वर्षांची अब्रूही राहिली होती आणि पोरीचंही जमलं होतं.

कुसाबाई मात्र बाकावरून उठली नव्हती. ती म्हणाली, "दोन भोवरे कुणी सांगितले व्हते माझ्या पोराला?"

फकिरानं चष्मा काढून पुसायला घेतला.

"म्या त्याची टाळू भरलीय. तेल घालून घालून. मला ठावं नाय का किती हायेत ते? एकच हाय, पयल्यापास्नं." मग तिचं तिलाच काहीतरी उमगलं. "म्हंजी ती तीन स्थळं याच्यापायी मोडली?"

आणि ती बोलत गेली, कुणावर आवाज न चढवता. लोक पोरगी का देत नाहीत हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिनं आपलं धरून घेतलं, की नवरा नसलेल्या, दुसऱ्याच्या बागेत राबणाऱ्या बाईच्या घरात कुणाला पोरगी द्यावीशी वाटत नसेल. निफाडचं स्थळ मोडलं तेव्हा तिनं कपडे बांधून ठेवले होते. पेठ तालुक्यात भावाकडं जाऊन राहावं, आपण नसलो म्हणजे तरी पोराचं जमेल, असं तिच्या मनात होतं. गाठोडं अजून फडताळात तसंच आहे म्हणाली.

दिनेश खुर्चीत मान खाली घालून बसला. गोटीराम वस्तऱ्याच्या पेटीजवळ उभा होता. खंडेरावपासून आजपर्यंत त्यानं गंमत म्हणून जे जे केलं, त्यात त्याला कुणाचं गाठोडं दिसलं नव्हतं. पोरांच्या खोड्या मोजल्या, त्यांच्या आया कधी मोजल्या नाहीत. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. आता गप्प बसलो तर चालणार होतं, सगळं जमलं होतं, आणि बोललो तर ही बाई पोराला उठवून घेऊन जाईल, हे त्याला दिसत होतं. पल्लवी समोरच होती.

"कुसाबाई, मी खोटं सांगितलं," तो म्हणाला. "भोवरे मिटत नसतात. दिनेशला एकच हाय. मी दोन सांगितले, तिघींनाबी. अन् बाकीच्यांचं पण मी कधी मोजून सांगितलं नाय. तुमचा काही दोष नव्हता. माझा होता."

दिनेश उठला आणि म्हणाला, की काकांचा नाही, मीच त्यांना सांगायला लावलं होतं. बऱ्याच दिवसांनी त्यानं काका म्हटलं होतं.

कुसाबाईनं दोघांकडे पाहिलं. मग जवळ जाऊन तिनं पोराच्या त्या एकुलत्या एक भोवऱ्यावर एक सणसणीत टपली मारली. आईला सांगायचं सोडून न्हाव्याला सांगत सुटला होतास होय, असं ती म्हणाली. त्यानंतर वत्सलाबाईकडे वळून तिनं निकाल दिला, "तुमच्या मालकांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. पोरगी मी नेते."

"मालकांचं बघते ना," वत्सलाबाई म्हणाली. "तुम्ही बसा वो खुर्चीत."

गोटीराम मुकाट बसला. एवढ्या वर्षांत त्या खुर्चीत तो कधी बसला नव्हता. फकिराकडे जायचा तो फकिराच्या खुर्चीत बसायचा, आणि फकिराकडचा मागून दाखवायचा आरसा कधीचा फुटलेला होता. वत्सलाबाईनं गिऱ्हाइकाला मान दाखवायचा हातातला आरसा उचलला, त्याच्या डोक्यामागे धरला आणि दुसऱ्या हातानं केस फाकवले. समोरच्या आरशात गोटीरामला स्वतःची टाळू दिसली. विरळ केसांत डावीकडे एक भोवरा होता. उजवीकडे, बोटभर अंतरावर, दुसरा होता.

त्यानं दोन्हींवर बोट ठेवून पाहिलं. मग फकिराला म्हणाला, "तुला ठाऊक होतं?"

"पंचवीस वर्षं," फकिरा म्हणाला. "वहिनींनी शपथ घातली होती."

वत्सलाबाईनं आरसा खाली घेतला नाही. दर सोमवारी तीच त्याच्या डोक्याला तेल लावायची. लग्न झाल्यावरच्या पहिल्याच सोमवारी तिनं ते दोन भोवरे पाहिले होते, असं ती सांगू लागली. नवी नवरी, कुणाला विचारायची सोय नाही. पहिलं वर्ष ती चोरून रडली. बाजारात कुठली बाई त्याच्याशी बोलली तरी ती भाजीचा मोलभाव सोडून त्याच्याशेजारी येऊन उभी राहायची. दुसरं वर्ष तिनं पाळत ठेवण्यात घालवलं. पण हा माणूस दुकानातून एक वाजता घरी येतो, घरून दुकानात जातो, संध्याकाळी बाणगंगेच्या काठावर एक चक्कर मारतो आणि पुन्हा घरी येतो. तिसऱ्या वर्षी तिला हसू यायला लागलं. आणि हाच माणूस लोकांना दोन भोवऱ्यांची भीती घालत सुटला, तेव्हा तिला कळलं, की हा काही मोजत बिजत नाही.

"मग मला बोलली का नाहीस?" गोटीरामनं विचारलं.

"वाट बघत होते, तुमच्या तोंडनं कधी खरं निघतंय," ती म्हणाली. "अन् दुसरी कधी आणताय तेबी बघत होते. एकोणतीस वर्षं झाली. काय ठरलंय का?"

पल्लवी हसू दाबत तोंडावर ओढणी धरून उभी होती. गोटीरामनं घड्याळाकडे पाहिलं. एकला दोन मिनिटं कमी होती.

"आधी जेवून येऊ," तो म्हणाला, आणि गळ्याभोवती नसलेलंच कापड झटकल्यासारखं करून उठला. कुसाबाईला त्यानं हात जोडून जेवायला बोलावलं, फकिराला तुझा आरसा आजच बदल म्हणून दम दिला, आणि दारात उभ्या राहिलेल्या दिनेशला म्हणाला, "शटर ओढून घे रे. अन् मामा म्हण. काका नको."

त्या दुपारी ताटात गुळाचा खडा होता.